पडद्यावरचे टक्कल आणि वहीतले वाक्य

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका गावी, माध्यमिक शाळेत, ‘किरणोत्सर्ग आणि आपण’ या विषयावर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. समोर नववी-दहावीची मुले आणि मागच्या बाकांवर शिक्षक. क्ष-किरण, रेडियम, कोबाल्ट असे टप्पे घेत आम्ही कर्करोगावरील उपचारापर्यंत आलो आणि दुष्परिणामांच्या यादीतले एक वाक्य बोलून गेलो : ‘किरणोपचाराने केस गळतात.’ त्या वेळी पडद्यावर डोक्याचा गोटा झालेल्या एका रुग्णाचे चित्र होते. वाक्य संपले, चित्र बदलले, आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

व्याख्यान संपल्यावर विज्ञानाच्या बाई एका मुलीला घेऊन आल्या. तिच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. वेळेवर लक्षात आला, शस्त्रक्रिया झाली आणि आता शहरातल्या रुग्णालयात किरण देणे चालू होते. मुलीने विचारले, “सर, माझ्या आईचे केस अजिबात गळले नाहीत. म्हणजे तिला किरण लागू पडत नाहीत का?”

बाईंनी नंतर आम्हांला बाजूला घेऊन पुढची हकिकत सांगितली. गल्लीत कुजबूज सुरू झाली होती. ‘रोज दवाखान्यात जाते म्हणते, पण वेणी तर जशीच्या तशी आहे!’ आईच्या कानांवरही ते आले होते आणि त्या आठवड्यात तिने दोन दिवस दांडी मारली होती. गुणच येत नसेल तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी कशाला घालवायची, असा तिचा हिशेब होता.

मुलीच्या तर्कात काही खोट नव्हती. किरणोपचाराने केस गळतात. आईचे केस गळले नाहीत. म्हणून आईवर किरणांचा परिणाम होत नाही. आमच्या वाक्यातून सरळ निघणारा हा निष्कर्ष आहे. चूक मुलीची नव्हती, वाक्याची होती. किरणोपचार ठरलेल्या दिवशीच घ्यावा लागतो, कारण मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. आमच्या एका ढिल्या वाक्याने त्या खंडाला हातभारच लावला असता.

म्हणून हा लेख त्या वाक्याची तपासणी करण्यासाठी आहे. ते वाक्य आमच्याच तोंडून गेले, तेव्हा टीका प्रथम आमच्यावर आहे. परंतु ते आमच्या तोंडी आले कोठून, हेही पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेत ते आम्ही कधी शिकलो नव्हतो. ते आले पडद्यावरून.

खूण म्हणून टक्कल

जुन्या हिंदी चित्रपटांत क्षयरोग दाखवण्याची एक ठरावीक रीत होती. पात्राला खोकल्याची उबळ येई, रुमाल तोंडाशी जाई आणि रुमालावर रक्ताचा ठिपका दिसे. प्रेक्षक काय ते समजून घेत. कर्करोगाला अशी खूण बराच काळ नव्हती. १९७१ च्या ‘आनंद’ मधल्या नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा आहे, पण त्याच्या डोक्यावरचे केस शेवटपर्यंत जागच्या जागी आहेत. रोगाचे नाव संवादातून कळते, देहावरून नाही.

पुढे ही उणीव भरून निघाली. २०१६ च्या ‘ऐ दिल है मुश्किल’ मध्ये अनुष्का शर्माने रंगवलेली नायिका केस गेलेल्या अवस्थेत समोर येते, तेव्हा वेगळे काही सांगावे लागत नाही. तिथे निदान औषधोपचाराचा संदर्भ तरी आहे. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत आणि जाहिरातींत तोही नसतो. डोक्याला गुंडाळलेला रुमाल म्हणजे कर्करोग, एवढी ही खूण आता पक्की झाली आहे.

खूण वापरण्यात मुळात वावगे काही नाही. दोन-अडीच तासांत गोष्ट सांगायची तर चित्रपटाला खुणा वापराव्याच लागतात. आक्षेप आहे तो खुणेचा नियम होण्याला. प्रेक्षक टक्कल पाहून कर्करोग ओळखायला शिकतो, आणि मग टक्कल नसेल तर कर्करोग नाही किंवा उपचार नाही, असेही न कळत शिकतो. तर्कशास्त्रात याला विपर्यस्त अनुमान म्हणावे लागेल. गल्लीत त्याला कुजबूज म्हणतात.

दुसरा घोटाळा अधिक नाजूक आहे. युवराजसिंगने २०१२ मध्ये आणि सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये उपचार चालू असताना केस गेलेल्या डोक्याने लोकांसमोर यायचे ठरवले. त्या छायाचित्रांनी अनेक रुग्णांना धीर दिला, आणि तो खराच होता. परंतु त्यांचे केस गेले ते केमोथेरपीमुळे, म्हणजे शिरेतून वा तोंडाने दिलेल्या औषधांमुळे. सर्वसामान्य बोलण्यात केमोथेरपी आणि किरणोपचार यांची एकच जुडी बांधली जाते : ‘कॅन्सरची ट्रीटमेंट’. एकाचा दुष्परिणाम दुसऱ्याच्या खाती जमा होतो. आमच्या पारदर्शिकेवरचा तो रुग्णही बहुधा केमोथेरपीचाच असावा. आम्ही ते तपासले नव्हते.

काळा पाऊस आणि चेर्नोबिल

किरण आणि केस यांची जोडी आणखी एका वाटेने आपल्या मनात बसली आहे. ती वाट हिरोशिमातून येते. मासुजी इबुसे यांच्या कादंबरीवरून शोहेई इमामुरा यांनी १९८९ मध्ये ‘काळा पाऊस’ हा चित्रपट केला. त्यातली यासुको ही तरुणी बॉम्बनंतरच्या काळ्या पावसात सापडलेली असते. तिचे लग्न जमत नाही, कारण तिला आजार जडला असेल अशी शंका प्रत्येक स्थळाला येते. पुढे एके दिवशी तिचे केस हातात येऊ लागतात. इमामुरा यांनी हे दृश्य कसलाही आरडाओरडा न करता दाखवले आहे, म्हणूनच ते विसरता येत नाही.

या चित्रपटाबद्दल आमची तक्रार नाही. हिरोशिमात केस खरोखरच गळले होते. स्फोटाच्या जवळ असलेल्या अनेकांचे केस दोन-तीन आठवड्यांत गेले, आणि पुढे संशोधकांनी कोणाला किती मात्रा मिळाली असावी याचा अंदाज पडताळताना ‘केस किती गळले होते?’ हा प्रश्न उपयोगात आणला. परंतु तेथे सबंध शरीर किरणांत सापडले होते. रुग्णालयात तसे होत नाही. बॉम्बचे चित्र उचलून उपचारकक्षात टांगले की, जो उपचार जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला स्फोटाची भीती चिकटते.

२०१९ ची ‘चेर्नोबिल’ ही मालिका मात्र या बाबतीत दोषी ठरते. १९८६ च्या त्या अपघातात तीव्र किरणबाधा झालेल्यांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांत दगावले. मालिकेने त्यांच्या यातना दाखवल्या, ते योग्यच झाले. पण एका अग्निशामकाची पत्नी त्याच्या जवळ बसते, आणि तिच्या पोटातल्या बाळाने नवऱ्याच्या अंगातला किरणोत्सर्ग शोषून घेतला असे मालिका सुचवते. किरणबाधा झालेला माणूस जणू संसर्गजन्य रोग्यासारखा इतरांना बाधा देत सुटतो, ही समजूत त्यातून बळावते. अंगावरची किरणोत्सारी धूळ धुऊन कपडे बदलल्यावर असा रुग्ण जवळच्यांना मोठा धोका उरत नाही.

आपल्याकडे याचा परिणाम वर्गात दिसतो. किरणोपचार घेऊन परतलेल्या मुलाच्या शेजारी बसायला दुसरी मुले कचरतात. त्यांना एक साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण शरीरात साठत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसे यंत्र बंद झाले की किरण संपले. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात दिले असेल किंवा किरणोत्सारी स्रोत शरीरात ठेवला असेल, तर काही काळ वेगळी काळजी घ्यावी लागते आणि डॉक्टर ती सांगतात. बाहेरून किरण घेतलेल्या मुलाला मिठी मारायला काहीच हरकत नसते.

दोन इंचांचे टक्कल

आता त्या वाक्याची शास्त्रीय बाजू पाहू. तिची सुरुवात एका सुंदर फसलेल्या प्रयोगाने होते.

रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. १८९६ च्या सुरुवातीला अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका मुलाच्या डोक्यात शिरलेली गोळी नेमकी कोठे आहे हे शोधायचे होते. कवटीतून छायाचित्र निघेल का, हे आधी पाहावे म्हणून जॉन डॅनियल या भौतिकीच्या प्राध्यापकाने आपले सहकारी डॉ. डडली यांना प्रयोगाला बसवले. डोक्याच्या एका बाजूला छायाचित्राची काच आणि मध्ये एक नाणे. दुसऱ्या बाजूला केसांपासून जेमतेम अर्ध्या इंचावर क्ष-किरणांची नळी. तासभर किरण सोडले. काचेवर काहीच उमटले नाही. एकवीस दिवसांनी मात्र नळीच्या समोरच्या भागातले सगळे केस गळून पडले. दोन इंच व्यासाचे स्वच्छ टक्कल! डॅनियलने हे ‘सायन्स’ या नियतकालिकाला कळवले.

या एका हकिकतीत आमच्या वाक्याची तीन उत्तरे दडली आहेत. केस गळले ते नळीसमोरचे, बाकीचे डोके तसेच राहिले. गळले ते लगेच नव्हे, तर तीन आठवड्यांनी. आणि डडलींना कर्करोग नव्हता, म्हणजे केस गळण्याचा रोगाशी संबंध नव्हता, किरणांशी होता.

केसाच्या मुळाशी

तीन आठवडे का लागले, ते कळण्यासाठी केसाच्या मुळाशी जायला हवे. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के कोणत्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची आवरासावर, मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, आणि मग जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. वाढत्या केसाच्या तळाशी एक गड्डा असतो. त्यातल्या पेशी शरीरातल्या अतिशय वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. साधारण दिवसाला एक विभाजन, असा त्यांचा वेग आहे. त्वचेबाहेर दिसणारा केस मात्र मृत केरॅटिनचा धागा असतो.

किरणांचा मुख्य घाव बसतो तो पेशीच्या डीएनएवर. तुटलेला डीएनए घेऊन विभागू पाहणारी पेशी मरते. जी पेशी क्वचितच विभागते, तिला दुरुस्तीला वेळ मिळतो. म्हणून भराभर विभागणाऱ्या कर्कपेशी किरणांना बळी पडतात, आणि त्याच वाटेवर असलेल्या केसाच्या गड्ड्यातल्या पेशीही. गड्ड्यातले काम थांबले की केसाचा नवा भाग बारीक, कमकुवत होतो. आधी तयार झालेला धागा काही दिवस जागेवर राहतो आणि मग विंचरताना फणीत येतो. डडलींचे एकवीस दिवस हे या प्रवासाचे होते.

‘किरणांनी केस जळतात’ असेही पुष्कळदा ऐकू येते. विद्यार्थ्यांना याचे गणित घालता येईल. किरणांची शोषलेली मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा. केस तात्पुरते गळायला एका वेळी सुमारे ३ ग्रे मात्रा लागते. ऊती बव्हंशी पाण्याच्याच असल्याने पाण्याची विशिष्ट उष्णता धरून हिशेब केला, तर ३ ग्रेमुळे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. जळण्याचा प्रश्नच नाही. एवढीशी ऊर्जा पेशी मारते, कारण ती नेमक्या रेणूवर घाव घालते.

औषध वाहते, किरण सरळ जातात

केमोथेरपी आणि किरणोपचार यांतला फरक एका वाक्यात सांगता येतो. औषध रक्तातून वाहते, किरण सरळ रेषेत जातात. रक्त प्रत्येक केसाच्या मुळाशी पोचते. म्हणून केस घालवणारे औषध दिले तर डोके, भुवया, पापण्या, सगळीकडचे केस जाऊ शकतात. सर्वच औषधे केस घालवत नाहीत, हेही येथे सांगायला हवे. काही रुग्णालयांत औषध देताना डोक्यावर गार टोपी घालतात. थंडीने टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध मुळांपर्यंत कमी पोचते. किरणांना रक्ताची वाट लागत नाही, तेव्हा या युक्तीमागचा हा तर्क तेथे लागू होत नाही.

किरणोपचारात केस जातात ते किरणांच्या वाटेवरचे. मेंदूतल्या गाठीसाठी डोक्याला किरण दिले तर डोक्याचे केस जातात, तेही किरण जेथून आत शिरतात त्या भागातले. ते पलीकडून बाहेर पडतात तेथेही कधी एखादा पट्टा विरळ होतो आणि रुग्ण बुचकळ्यात पडतो. जबड्याला किरण दिले तर दाढीचा तेवढा भाग जाऊ शकतो. स्तनाला दिले तर त्या बाजूच्या काखेतले केस जाऊ शकतात. आता त्या मुलीच्या आईची वेणी पाहा. किरण छातीवर पडत होते; वेणी त्यांच्या वाटेतच नव्हती. वेणी शाबूत राहिली, याचा अर्थ यंत्र नेमके जेथे रोखायचे तेथेच रोखले होते.

याला एक अपवाद आहे आणि तो नियमालाच दुजोरा देतो. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाआधी काही रुग्णांच्या सबंध शरीराला किरण देतात. तेथे सगळे शरीरच वाटेवर असते, त्यामुळे केसही सगळीकडचे जातात.

किती, आणि किती खोल

‘कोठे’ यानंतरचा प्रश्न ‘किती’. एकाच वेळी ३ ग्रेच्या आसपास मात्रा मिळाली तर केस गळतात आणि परत येतात. एका वेळी ७ ग्रेच्या आसपास गेली तर ते कायमचे जाऊ शकतात. कर्करोगावर मात्रा एकदम देत नाहीत. बहुतेक वेळा आठवड्यातले पाच दिवस, रोज २ ग्रेच्या आसपास, असे हप्ते पाडतात. हप्त्यांमध्ये निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. अशा रीतीने केसांच्या मुळांवर पडलेली एकूण मात्रा ४० ग्रेच्या वर गेली, तर त्या जागी केस विरळ राहण्याची किंवा न येण्याची शक्यता बरीच वाढते. त्याहून कमी असेल तर उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस उगवू लागतात. कधी त्यांचा पोत वेगळा असतो, कधी रंग.

येथे यंत्राचाही प्रश्न येतो. जुन्या क्ष-किरण यंत्रांची सर्वांत जास्त मात्रा कातडीवरच पडे. कोबाल्ट-६० च्या किरणांची कमाल मात्रा कातडीखाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर पडते, आणि ६ दशलक्ष व्होल्टच्या रेषीय त्वरकाची सुमारे दीड सेंटिमीटरवर. डोक्यावरच्या केसांची मुळे साधारण ४ ते ५ मिलिमीटर खोल असतात. म्हणजे जास्त ऊर्जेचे किरण मुळांवरून काहीसे हलक्या पावलांनी जातात. कवटीच्या कडेने किरण तिरके घासून गेले तर मात्र हा फायदा कमी होतो. आपल्या देशात अनेक रुग्णालयांत अजून कोबाल्टची यंत्रे काम करतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे त्यांतलेच. विद्यार्थ्यांना आण्विक भौतिकी शिकवताना कोबाल्ट-६० चे ५.२७ वर्षांचे अर्धायुष्य आपण फळ्यावर लिहितो. त्याच कोबाल्टचे किरण केसाच्या मुळाशी किती पोचतात, हा प्रश्न त्यांना अधिक जवळचा वाटेल.

केस गळणे हेच यश होते, तेव्हा

मुलीच्या तर्काकडे पुन्हा एकदा वळू. ‘केस गळले तर किरण लागू पडले’ हा निष्कर्ष एके काळी, एका रोगाच्या बाबतीत, अगदी बरोबर होता.

लहान मुलांच्या डोक्यावर होणाऱ्या नायट्याची बुरशी केसात घर करते. केस मुळापासून निघाल्याशिवाय ती जात नसे. पॅरिसमध्ये साबुरो या त्वचारोगतज्ज्ञाने १९०४ च्या सुमारास क्ष-किरणांनी केस गळवण्याची पद्धत बसवली. मात्रा मोजायला तेव्हा उपकरण नव्हते. साबुरो आणि त्यांचे सहकारी न्वारे यांनी किरण पडल्यावर रंग पालटणारी एक वडी वापरली. ती ठरावीक छटेची झाली की केस गळण्यापुरते किरण झाले असे समजत. म्हणजे आज ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो, तो त्या वेळी उपचाराचा हेतू होता आणि मोजपट्टीही होता. केस गळले, काही महिन्यांनी नवे, निरोगी केस आले, आईबाप खूश.

हिशेब पुढे चुकता करावा लागला. इस्राएलमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकात, मुख्यतः उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या हजारो मुलांवर हा उपचार झाला. बारुख मोदान आणि सहकाऱ्यांनी अशा सुमारे ११ हजार मुलांची तुलना उपचार न झालेल्यांशी केली आणि १९७४ मध्ये दाखवून दिले की, डोके व मानेच्या गाठींचे प्रमाण किरण घेतलेल्यांत जास्त आहे. १९९४ मध्ये तेथे भरपाईचा कायदा झाला. नायट्यावर ग्रायसिओफल्विन हे तोंडाने घेण्याचे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि किरणांची गरजच संपली.

यातून किरणोपचाराला घाबरायचे, असा धडा घेऊ नये. नायटा जीवघेणा नव्हता, कर्करोग आहे. नफ्यातोट्याचा हिशेब रोगागणिक बदलतो. धडा असा की, केस हा परिणामाचा साक्षीदार असला तरी पूर्ण साक्षीदार नाही. केस परत आले म्हणून सगळे ठीक झाले असे नाही, आणि केस गळले नाहीत म्हणून किरण फुकट गेले असेही नाही.

‘श्वास’कडून घेण्यासारखे

चित्रपटांना एवढी नावे ठेवल्यावर एका चित्रपटाचे ऋण मान्य केले पाहिजे. संदीप सावंत यांचा २००४ मध्ये पडद्यावर आलेला ‘श्वास’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, डोळे दाखवायला पुण्याला आणतात. दृष्टिपटलाचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार आणि दृष्टी जाणार. या चित्रपटात कर्करोगाची कोणतीही आयती खूण नाही. गुंडाळलेला रुमाल नाही. काय काढले जाणार, का काढले जाणार आणि त्यानंतर काय उरणार, हे त्या पोराला सांगायचे कसे, हाच चित्रपटाचा गाभा आहे. दुष्परिणाम नेमका सांगितल्याने गोष्ट कोरडी झाली नाही, उलट ती त्यातूनच उभी राहिली.

आम्ही व्याख्यानात याच्या उलट केले. चित्र दाखवले आणि ‘कोठे, किती, केव्हा, परत येतील का’ हे चारही प्रश्न गाळले. आपल्या समाजात, विशेषतः बाईच्या बाबतीत, हे गाळणे महाग पडते. केशवपनाची क्रूर रूढी मोडून फार पिढ्या झालेल्या नाहीत. केस नसलेल्या बाईच्या डोक्याला अजून तो जुना अर्थ चिकटलेला आहे. ‘केस काय, आज ना उद्या येतील’ असे हसून सांगणाऱ्याला हे ठाऊक नसते. ज्या बाईचे केस जाणारच नाहीत, तिला त्या भीतीने उपचारापासून दूर ठेवणे हा मूर्खपणा आहे. ज्या बाईचे जाणार आहेत, तिला आधी न सांगणे हा अन्याय आहे.

वर्गात काय करावे

शिक्षकांना वेगळा पाठ घ्यायची गरज नाही. पेशीविभाजन शिकवताना कांद्याच्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतोच. त्या वेळी आपल्या शरीरात असे टोक कोठे असेल, हे विचारावे. फणीत आलेला केस भिंगाखाली पाहायला सांगावे. प्रकाश शिकवताना पुठ्ठ्याला भोक पाडून विजेरीचा झोत भिंतीवर पाडावा आणि खोलीतल्या कोणकोणत्या वस्तूंवर उजेड पडला नाही, ते मुलांनाच मोजू द्यावे. डडलींची हकिकत सांगून ‘बाकीचे केस का राहिले?’ आणि ‘तीन आठवडे का लागले?’ हे दोन प्रश्न घरी विचार करायला द्यावेत.

कर्करोगाचे पात्र असलेला चित्रपट मुलांनी पाहिला असेल तर त्यावरही बोलावे. या पात्राला कोणता उपचार दिला असे दाखवले आहे? तो शरीरात कोठे पोचला? मग केस जायला हवे होते का? मुले चित्रपटातल्या चुका काढायला नेहमीच उत्सुक असतात. वर्गात कोणाच्या घरी हा आजार असेल तर मात्र त्या मुलाला उदाहरण म्हणून उभे करू नये.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी फळ्यापाशी नेले आणि माणसाची आकृती काढून छातीवर एक चौकोन आखला. “किरण एवढ्यातच आहेत,” आम्ही म्हटले. तिने चौकोनाकडे पाहिले, मग आकृतीच्या डोक्याकडे, आणि विचारले, “मग काखेतले जातील?” जाऊ शकतील, असे आम्ही सांगितले. आईने राहिलेले हप्ते पूर्ण केल्याचे बाईंनी नंतर कळवले.

आमची ती पारदर्शिका आम्ही काढून टाकली आहे. तिच्या जागी आता डोक्याच्या एका बाजूचे दोन इंचांचे वर्तुळ आहे आणि त्याखाली दुरुस्त केलेले वाक्य : ‘किरण ज्या भागातून जातात, त्या भागातले केस, मात्रा पुरेशी असेल तर, दोन-तीन आठवड्यांनी गळतात; आणि मात्रा फार मोठी नसेल तर परत येतात.’ पहिल्या वाक्यापेक्षा हे लांब आहे, पाठ करायला अवघड आहे. वहीत उतरवून घ्यायला एक मिनिट जास्त लागेल. तेवढे मिनिट द्यावे, अशी आमची विनंती आहे.